कोरड्या पायांचे सोनकुसरे सर

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. सोनकुसरे सर अजून ठणठणीत आहेत, रोज सकाळी तर्री-पोह्यांची एक प्लेट आणि वर अर्धी प्लेट पचवतात, त्यामुळे माझी चांगली सोय झाली आहे. जे लिहायचं ते आत्ताच लिहून घेते. उद्या ते गेले तर शोकसभेत मलाच दोन शब्द बोलायला उभं करतील, आणि दोन शब्दांत माझं भागणार नाही.

भंडाऱ्याच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची आणि सर पी.टी. शिकवायचे. शिकवायचे म्हणजे मुलांना मैदानावर सोडून द्यायचे आणि बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. एका वर्षी वरून विचारणा आली, तुमच्या शाळेत जलतरणाची काही सोय आहे का. मुख्याध्यापक 'नाही' असं कळवणारच होते, तेवढ्यात सर स्टाफरूममधून उठून म्हणाले, "नाही कशी? आपली वैनगंगा सुकली का?" झालं. त्या दिवसापासून पी.टी.चे सर जलतरणाचे प्रशिक्षक झाले. आपल्याकडे पद मिळवायला काही यावं लागत नाही. सगळे खाली बघत असताना एकानं वर बघितलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी ते पांढराशुभ्र ट्रॅकसूट, पांढरी टोपी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिटी अशा थाटात नदीवर हजर झाले. त्या थाटात पुढे कधीच बदल झाला नाही. इतकी वर्षं नदीच्या काठावर काढून ज्या माणसाचे बूट पांढरेच राहतात, त्याच्याविषयी शहाण्याने काय ते समजून घ्यावं. मी सरांचा पाय ओला झालेला पाहिला नाही. पावसात शाळेच्या दारात पाणी साचलं की ते शिपायाकडून विटा टाकून घेत आणि त्यांच्यावरून उड्या मारत वर्गात जात.

सरांना पोहता येतं का, हा प्रश्न सगळ्यांना पडलेला होता. मी तो विचारला.

सर मुळीच ओशाळले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पान्यात उतरलेल्या मानसाले पोहनं दिसत नाही. पोहनं काठावरून दिसते."

"मग मलाही दिसतं. मलाही प्रशिक्षक करा."

"तुमाले शिटी वाजवता येते का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाषाण पांढरे बूट घालून स्कूटरवर येतो, हे मात्र सरांनी दाखवलं.

त्यांचं शिकवणं दोन शब्दांत सांगून संपतं. ते दोन शब्द म्हणजे "धार पकड!" मुलं पाण्यात हातपाय मारायला लागली की सर काठावरून शिटी फुंकत आणि ओरडत, "धार पकड! धार पकड!" आता गोसेखुर्दचं धरण झाल्यापासून पावसाळ्याचे दिवस सोडले तर भंडाऱ्याजवळ वैनगंगा वाहतच नाही. पाणी तुंबून मागे येतं आणि तळ्यासारखं पडून राहतं, वर जलपर्णी पसरते. धार असेल तर पकडणार ना? पण सरांनी लहानपणी कुणा मोठ्या माणसाच्या तोंडून हे शब्द ऐकले होते, आणि तेवढीच त्यांची पोहण्यातली इस्टेट होती. नवी पोरं बिचारी डोकं वर काढून इकडेतिकडे बघायची, धार कुठे आहे म्हणून.

भेटेल त्याला सर 'चॅम्पियन' म्हणत. शाळेच्या शिपायाला, मुख्याध्यापकांना, चहावाल्याला, एकदा तर आमच्या सासूबाईंनाही. सासूबाईंना तो शब्द कळला नाही, पण सांगणाऱ्याचा चेहरा बघून त्यांनी तो शिवी म्हणूनच घेतला. त्यानंतर त्या सरांना दारातूनच वाटेला लावत.

पण सरांचा खरा खेळ पोहणं नव्हता. त्यांचा खरा खेळ सत्कार. भंडाऱ्यात कुठेही स्टेज बांधलं गेलं की सर तिथे पोचत आणि स्टेजवरची एखादी खुर्ची रिकामी दिसली की तीत बसलेले असत. घरचा धंदा हातमागाच्या लुगड्यांचा, दुकान भावाकडे. त्यामुळे शालींना तोटा नव्हता. तरीही सरांची एक शाल अशी होती की ती गावात फिरत राहायची. ती त्यांनी एका पाहुण्याला पांघरली, पाहुण्याने ती दुसऱ्या समारंभात तिसऱ्याला दिली, आणि वर्षभरात ती पुन्हा सरांच्याच खांद्यावर येऊन बसली. सरांनी ती लगेच ओळखली. "आपलीच हाय, काठ पाहा ना," असं त्यांनी मला अभिमानाने दाखवलं होतं.

अशा माणसाच्या हाताखाली प्रणाली मेश्राम आली, हे तिचं फुटकं नशीब. ती भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. सकाळी कामावर जाताना ते तिला मोटारसायकलवर नदीपर्यंत आणून सोडत आणि पुढे जात. सरांनी तिला पोहायला शिकवलं, असं सर गावभर सांगत. खरं असं की ती मामाच्या गावच्या तलावात, शिंगाडे काढणाऱ्या बायांच्या मागे मागे लहानपणीच पोहायला शिकलेली होती. तिचं पोहणं बघायला लागलं की बघतच राहावं असं होतं. पाणी उडत नसे, आवाज होत नसे, नुसती एक काळी टोपी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकत जायची आणि परत यायची. दमली असं कधी दिसायचं नाही. कंटाळली असंही नाही.

तिला आणि तिच्या वडिलांना काय हवं होतं ते पहिल्यापासून स्पष्ट होतं. कोकणातल्या एका बंदरात समुद्रात लांब पल्ल्याची पोहण्याची शर्यत होते, त्यात पहिल्या तिघांत आलं की प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर अर्ज करता येतो. वडील मला एकदा म्हणाले होते, "मॅडम, मी इंजिनाखाली पाठीवर पडून जिंदगी काढली. पोरीच्या अंगावर वर्दी पायजे. बस, येवढंच." एवढंच हवं होतं त्यांना. सत्कार नको होता.

समुद्राच्या शर्यतीची तयारी सुरू झाली तेव्हा सरांनी डोकं चालवलं. हे त्यांनी केलं की मला धास्ती वाटायची. समुद्राचं पाणी खारट, म्हणजे पोरीला खाऱ्या पाण्याची सवय पाहिजे. झालं, सर रोज पहाटे घरून पितळेचा लोटा भरून मिठाचं पाणी आणायला लागले. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं दोन घोट प्यायचे, असा नियम. बाकीच्या पोरांनी काठावरच ओकाऱ्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून घरी झोपून राहिली. एकाची आई भांडायला शाळेत आली, तर सर तिलाच म्हणाले, "समुद्र का बिसलेरीचं पानी हाय? सवय नको का?"

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की समुद्राचं पाणी प्यायचं नसतं, तोंडात गेलं तर थुंकायचं असतं, आणि मिठाचं पाणी पाजून पोरीला आजारी पाडाल. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमचं सायन्स पुस्तकातलं हाय, मॅडम. आपलं प्रॅक्टिकल हाय." प्रणाली मात्र तो लोटा तोंडाला लावायची, गाल फुगवायची आणि पाण्यात उतरल्यावर पहिल्या हातालाच सगळं थुंकून द्यायची. सरांना ते कधी कळलं नाही, कारण तेवढ्यात ते शिटी पुसत असत.

दुसरा जो प्रकार होता तो मला खराच चीड आणणारा होता. काठावर कुणी मोठा माणूस आला की सर शिटी वाजवून प्रणालीला बाहेर बोलवत. मग ती कितीही लांब गेलेली असो, लयीत असो. नगरसेवक आले, शिटी. कुणाचे साडू नागपूरहून आले, शिटी. ओल्या कपड्यांत काठावर येऊन तिने नमस्कार करायचा, सर तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेणार, पाहुणे "खूप छान, खूप छान" म्हणणार, आणि मग तिने पुन्हा पाण्यात जायचं. एकदा ती कारधा पुलाच्या पलीकडून परत येत होती, वाऱ्याच्या विरुद्ध, आणि तिचं पोहणं बघायला मी पुलाच्या काठाकडच्या टोकाशी थांबले होते. तेवढ्यात सरांचा कोणी मेहुणा आला. सर शिटी फुंकत राहिले. ती थांबली नाही. सर फुंकत राहिले. शेवटी ती काठाशी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "पाहुने उभे हायेत अन् तू पोहून राहिली?"

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. पोहण्याच्या प्रशिक्षकाने पोहणाऱ्या पोरीला पोहते म्हणून रागावलेलं जगात दुसरीकडे कुठे ऐकायला मिळेल असं मला वाटत नाही.

शर्यतीला तिचं नाव नोंदवलं गेलं, आणि त्याच आठवड्यात सत्कार ठरला. शर्यत व्हायची होती, हे लक्षात घ्या. पण सरांचं गणित सरळ होतं. पोरगी जिंकली तर परत आल्यावर सत्कार आमदार करतील, नगराध्यक्ष करतील, सरांना कोण विचारतो? म्हणून आधीच. एस.टी. स्टँडजवळ मोठा फलक लागला. त्यावर सरांचा टोपी घातलेला फोटो पुरुषभर उंच, आणि खाली कोपऱ्यात प्रणालीचा आधार कार्डवरचा फोटो लिंबाएवढा. हॉलमध्ये स्टेजवर सर मधल्या खुर्चीत, प्रणाली कडेच्या खुर्चीत. शाल सरांना, श्रीफळ सरांना, तिला गुलाबाचं एक फूल. तिचे वडील डेपोतून थेट आलेले, हातावर ग्रीस तसंच, ते मागच्या रांगेत उभे होते. भाषणात सर म्हणाले, "मी समुद्राले सांगून ठेवलं हाय, भंडाऱ्याचा मानूस येऊन राहिला." टाळ्या पडल्या. भंडाऱ्यात माणसं टाळ्यांना कंजूष नाहीत.

मुलगी असल्यामुळे सोबत बाई पाहिजे, म्हणून शाळेने मला पाठवलं. भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा सरांच्या बॅगेतून एक सुगंध येत होता. विचारलं तर त्यांनी जपून एक पुडकं उघडून दाखवलं. चंदनाच्या सालींचा हार. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसला.

"हे कशाला, सर?"

"फुलांचा हार कोकनापर्यंत टिकनार हाय का? हा सुकत नाही, मॅडम. कुठंही काढा, ताजा."

प्रणाली खिडकीशी बसली होती. तिने त्या हाराकडे एकदा बघितलं आणि बाहेर बघायला लागली.

समुद्र तिने पहिल्यांदाच पाहिला. आम्ही तिघेही किनाऱ्यावर उभे. ती पुढे गेली, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "मॅडम, हे तं लोट्यातल्याहून कमी खारट हाय."

"पाहा," सर मला म्हणाले, "आपली तयारी जास्तच झाली."

संध्याकाळी ओहोटी लागली. ज्या ठिकाणी दुपारी होड्या तरंगत होत्या तिथे चिखल उघडा पडला आणि होड्या कुशीवर निजल्या. सर बराच वेळ कमरेवर हात ठेवून ते बघत राहिले. मग जाळं विणत बसलेल्या एका माणसाला त्यांनी विचारलं, "भाऊ, हे पानी कोनं सोडलं? तुमचं धरन कोनत्या बाजूनं हाय?" तो माणूस मान खाली घालून विणत राहिला. बहुधा त्याला वाटलं असावं की परगावच्या माणसाशी वाद घालू नये. गोसेखुर्दची दारं उघडली की वैनगंगा उतरते, बंद केली की चढते, एवढं पाण्याचं ज्ञान सरांनी जन्मभर पुरवून वापरलं.

रात्री जेवणाआधी सगळ्या स्पर्धकांना आणि प्रशिक्षकांना बसवून नियम वाचून दाखवले. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक होडी असणार, होडीत नावाडी, एक पंच आणि पोहणाऱ्याचा प्रशिक्षक. पोहणाऱ्याने होडीला हात लावायचा नाही. होडीतल्या कुणीही पोहणाऱ्याला हात लावायचा नाही, काही वस्तू अंगावर द्यायची नाही. पाणी, केळं द्यायचं ते लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीतून. शर्यतीच्या शेवटी पाण्यावर बांधलेल्या दोरीला हात लागेपर्यंत हा नियम. मोडला की शर्यतीतून बाद. प्रणाली पुढच्या रांगेत बसून ऐकत होती. सर त्या वेळी व्यासपीठामागे होते. आयोजकांच्या अध्यक्षांना शाल घालण्यासाठी ते शाल घेऊन गेले होते आणि अध्यक्ष मोकळे होण्याची वाट बघत होते.

जेवताना प्रणालीने त्यांना मुद्दाम सांगितलं. "सर, मले हात नाही लावाचा. नाही तं बाद करतेत."

"मी कायले हात लावू?" सर भाताचा घास कालवत म्हणाले. "मी का पान्यात उतरनार हाय?"

मी हसले. तीही हसली. सर तसे विनोदी होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

शर्यत सकाळी सुरू झाली. दुरून कुठून तरी होड्यांनी पोहणाऱ्यांना सोडलं होतं आणि शेवट आमच्या धक्क्यासमोर होता. धक्क्याच्या थोडं पुढे पाण्यावर एक जाड नारिंगी दोरी आडवी बांधलेली. तिला हात लागला की शर्यत पूर्ण. मी धक्क्यावर गर्दीत उभी होते. लाऊडस्पीकरवरून माणूस सांगत होता, पुढे कोण, मागे कोण. पहिला आला तो गुजरातकडचा एक मुलगा. दुसरी आली एक कोल्हापूरची मुलगी. दोघांच्या हातांनी दोरी हलली, टाळ्या झाल्या, दोरीपाशी होडीत उभ्या असलेल्या अध्यक्षांनी वाकून हार घातले.

मग काळी टोपी दिसली. तिचं ते न उडणारं पाणी मी लांबूनच ओळखलं. तिच्या मागे बरंच अंतर मोकळं होतं. तिसरी. नक्की तिसरी. आणि मी, जी देवाला कधी काही मागत नाही, मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. शहापूरच्या त्या ग्रीस लागलेल्या हातांची आठवण झाली.

तिच्या बाजूने होडी येत होती. होडीत सर उभे राहिले. पांढरा ट्रॅकसूट उन्हात चमकत होता. होडीच्या टोकाला एक तरुण कॅमेरा घेऊन बसलेला दिसला. तो तिथलाच एक फोटोग्राफर, सरांनी आदल्या दिवशीच त्याला ठरवून, आयोजकांना गळ घालून होडीत बसवला होता, हे मला नंतर कळलं. सरांच्या हातात काहीतरी होतं. मला वाटलं, पाण्याची जाळी असेल.

दोरी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होती. सर वाकले. आयुष्यात पहिल्यांदा ते पाण्याच्या एवढे जवळ गेले असतील. नावाड्याने त्यांच्या ट्रॅकसूटला मागून धरलं. आणि सरांनी तिच्या गळ्यात तो चंदनाचा हार घातला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे बघून हसले.

पंचाने लाल झेंडी वर केली. धक्क्यावर एकदम गलका झाला. प्रणालीला काही कळलं नाही, कानात पाणी होतं. तिने आणखी एक हात मारला आणि दोरीला स्पर्श केला. दोरी हलली. मग वर बघून हसली. तिच्या गळ्यात तो हार चिकटून बसला होता आणि ती हसत होती. लाऊडस्पीकरवरचा माणूस थांबला, कुणाला तरी काही विचारलं, आणि मग त्याने तिसऱ्या क्रमांकावर मागून येणाऱ्या मुलीचं नाव सांगितलं.

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा पंच तिच्याशी हळू आवाजात बोलले. चांगले गृहस्थ होते, त्यांनाही वाईट वाटत होतं. ती मान हलवत राहिली. रडली नाही. तिने गळ्यातून हार काढला, त्यातलं पाणी झटकलं, नीट घडी केली आणि मागून धापा टाकत येणाऱ्या सरांच्या हातात दिला.

"सर, तुमचा हार."

सरांनी तो घेतला. आणि बॅगेत ठेवला. मी स्वतः पाहिलं, त्यांनी तो बॅगेत ठेवला, ओला होता म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

मग ते पंचांवर चढले. "हात कुठं लावला मी? हार घातला. अन् पोरीनं होडीले हात लावला का? नाही लावला. मंग?" पंचांनी नियमाचा कागद पुढे केला. सरांनी तो वाचला नाही. "कागदाचं नका सांगू. मानसाचं मानसाले कौतुक नाही करू का?" मी त्यांना विचारलं की दोन हात थांबला असतात तर काय बिघडलं असतं. एवढं तरी त्यांनी मला खरं सांगितलं. दोरीपाशी अध्यक्ष असतात, आयोजकांची माणसं असतात, तिथे आपल्याला फोटोत कोण घेणार? आपला फोटो त्याआधीच व्हायला पाहिजे. त्यांनी हे अशा सुरात सांगितलं की मलाच त्यांची अडचण समजायला हवी होती.

माझ्या मनात त्या क्षणी या माणसाविषयी जे आलं ते अजून गेलेलं नाही. राग ओसरतो. घृणा तशी ओसरत नाही, ती निवते आणि घट्ट होते.

परतीच्या गाडीत सर नागपूरपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, चला, काहीतरी आत उतरलं. नाही. ते डब्याच्या दाराशी उभे राहून फोन करत होते. वरठी स्टेशनवर ढोल होता. फलक होता. 'विदर्भाच्या लेकीवर अन्याय'. सर बाकावर चढून बोलले, "आपन विदर्भातले, म्हनून तिकडच्या लोकायनं आपला नंबर खाल्ला!" लोक पेटले. विदर्भावर अन्याय म्हटलं की आमची माणसं पुढचं ऐकत नाहीत. खांद्यावर शाल पुन्हा सरांच्याच पडली. मी काठ पाहिला नाही, नाहीतर तीच निघाली असती.

प्रणालीचे वडील मोटारसायकल स्टँडला लावून गर्दीच्या बाहेर उभे होते. लेक त्यांच्याशेजारी, बॅग हातात. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, झालं काय नेमकं?"

मी सांगितलं. जसं झालं तसं.

त्यांनी लेकीच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली. मग म्हणाले, "म्हंजे सरायनं हार घातला नसता तं?"

"तिसरी होती."

त्यांनी मान हलवली. गर्दीतून वाट काढत सरांजवळ गेले. मला भीती वाटली की आता हात उचलतील, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली. पण त्यांनी हात जोडले. "सर, उद्यापासून पोरगी येनार नाही."

"काहून?" सर चकित झाले. "पुढच्या वर्साची तयारी कोन करनार?"

"तुमी करा," ते म्हणाले आणि लेकीला मागे बसवून निघून गेले.

पुढच्या वर्षी दुसरा कुणी तिला कोकणात नेणार नव्हता, आणि वडिलांना डेपोतून तेवढी रजा मिळणार नव्हती. प्रणालीने पोलीस भरतीचा अर्ज भरला, पण प्रमाणपत्र नसल्यामुळे सगळ्यांबरोबरच. धावण्यात थोडक्यात राहिली. आता ती नागपूरला एका खासगी दवाखान्यात पेशंटला भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसते. सणाला घरी आली की कधी भेटते. पोहतेस का गं, विचारलं तर म्हणते, "नाही मॅडम, सवय गेली." हे ती अगदी सहज म्हणते आणि मला त्या रात्री झोप येत नाही.

सर मात्र मागच्या वर्षी सन्मानाने सेवानिवृत्त झाले. यंदा माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मला त्यांच्या घरी जावं लागलं. न देऊन चालत नाही, एका शाळेत जन्म काढला. सरांनी मला 'चॅम्पियन' म्हणून आत बोलावलं, वहिनींना चहा ठेवायला सांगितला. टी.व्ही.च्या वर भिंतभर एक फोटो लावलेला होता. सोनेरी चौकट, खाली रंगीत अक्षरांत 'यशाचा क्षण'. होडीतून वाकलेले सर मधोमध, दात दिसताहेत, नजर थेट कॅमेऱ्यात. त्यांच्या हाताखाली काळी टोपी, गळ्यात हार.

"पाहा मॅडम, पोरगी कशी हासून राहिली," सर कौतुकाने म्हणाले.

ती हसत नव्हती. श्वास घ्यायला तोंड उघडलेलं होतं. ती कॅमेऱ्याकडे बघतही नव्हती. तिचा एक हात पुढे लांबवलेला होता, बोटं पसरलेली, आणि बोटांच्या टोकाशी चौकट संपत होती.

"सर," मी म्हटलं, "यातली दोरी कुठे गेली?"

"कोनती दोरी?"

"ती हात लावायला निघाली होती ती."

सरांनी चष्मा घातला. उठून फोटोजवळ गेले, चौकटीच्या त्या कडेला बोट लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांना आठवलं.

"हो हो, ते. ओरिजिनल फोटोत होती ना ते. फ्रेमवाल्याले सांगून तेवढी कापाले लावली," ते म्हणाले. "नाही तं मी मधात येत नोव्हतो."